नर्मदाकाठचे अंगण: पाइन की गवत?

विंध्याचा उतार संपवून इंदूर-बैतूल रस्ता कन्नोद, खातेगाव मागे टाकतो आणि नेमावरला नर्मदेवर येतो. पलीकडच्या तीरावर हंडिया, पुढे हरदा. नदीच्या १,३१२ किलोमीटरच्या वाटेतला हा मध्य मानतात, म्हणून परिक्रमावासी याला नाभिस्थान म्हणतात. होळकरांच्या इंदूर संस्थानात नेमावर नावाचा जिल्हा होता; आज ते देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे गाव आहे. सिद्धनाथाचे परमारकालीन देऊळ, त्याखालचे घाट, आश्रम, धर्मशाळा, जैनांचे सिद्धक्षेत्र आणि अलीकडे रस्त्याच्या कडेने वाढत चाललेली फार्महाउसे. पुढे थोडी बाग असावी असे प्रत्येकालाच वाटते. इंदूर-देवासकडच्या रोपवाटिकांत त्यासाठी दोन गोष्टींकडे हात पटकन जातो. एक, बारमाही हिरवा, शेंड्याकडे निमुळता होत जाणारा ‘पाइन’. दुसरी, वाऱ्यावर हलणाऱ्या तुऱ्यांचे शोभेचे गवत.

दोघांकडून अपेक्षा एकच असते: दर्शनी बाजूला रूप यावे, बारा महिने काहीतरी उभे दिसावे आणि माळी रोज लागू नये. म्हणून झाड आणि गवत ही जोडी विचित्र वाटली तरी तुलना रास्त आहे. माझे मत आधीच सांगतो. नेमावरच्या काळ्या मातीत पाइन लावू नये, गवत लावावे. आणि गवतही कोणते ते पारखल्याशिवाय लावू नये. या दुसऱ्या अटीला मी पहिलीपेक्षा जास्त महत्त्व देतो.

मुळात रोपवाटिकेत पाइन म्हणून हाती पडते ते बहुधा पाइन नसतेच. मजल्यामजल्याने आडव्या फांद्या काढणारे, ‘क्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकले जाणारे झाड म्हणजे ऑरोकेरिया. त्याचे घर दक्षिण प्रशांत महासागरात. कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजाने १७७४ मध्ये न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक बेटाचा किनारा गाठला, तेव्हा युरोपला ही झाडे माहीत झाली. भारतातल्या बागांत नॉरफोक बेटाची म्हणून लावलेली पुष्कळ झाडे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियाच्या जातीची, म्हणजे ‘कुक पाइन’ असतात. या जातीची एक विलक्षण खोड आहे. ती सरळ वाढत नाही, विषुववृत्ताच्या दिशेला कलते. पाच खंडांतली २५६ झाडे मोजून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा कल सरासरी साडेआठ अंशांचा निघाला. आपण उत्तर गोलार्धात, त्यामुळे आपल्याकडे तिचा कल दक्षिणेला. नेमावर नर्मदेच्या उत्तर तीरावर असल्याने तिथे हे झाड नदीकडे झुकेल. तीस मीटरच्या पुढे जाऊ शकणारे, वर्षागणिक कलत जाणारे झाड घराच्या उत्तरेला लावणे म्हणजे ते छपराच्या दिशेने वाढवणे. कुंडीतले दोन फुटी रोप घेताना हे कोणी सांगत नाही.

दुसरे झाड सुरूचे. कोकण किनाऱ्यावरची सुरूची बने आपल्या ओळखीची आहेत. लांबून सुयांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या हिरव्या काड्या म्हणजे सांधे असलेल्या बारीक डहाळ्या. खरी पाने त्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात. सुरू सपुष्प वनस्पती आहे, पाइनशी त्याचे दूरचेही नाते नाही. भारतात त्याची मोठी लागवड कारवारच्या किनाऱ्यावर १८६८ च्या सुमारास सुरू झाली, ती मुख्यतः जळणासाठी. त्याला समुद्रकाठची मोकळी वाळू मानवते. तिसरी मोरपंखी. ही निदान सूचिपर्णी आहे आणि मैदानात बऱ्यापैकी तगते. फक्त आतल्या बाजूने वाळून तपकिरी झाली की ती जागा पुन्हा भरत नाही.

आता खरा पाइन. आपल्या देशात सहज मिळणारा खरा पाइन म्हणजे हिमालयातला चीड. साधारण साडेचारशे मीटरपासून दोन हजार मीटरच्या वरपर्यंतचे डोंगरउतार हे त्याचे राज्य. एकेका झुबक्यात तीन लांब सुया, जाड भेगाळ साल, राळेने भरलेले लाकूड. हे झाड पाहून मन हरखले नाही असा माणूस विरळा. पण द्वीपकल्पी भारतात एकही पाइन नैसर्गिकरीत्या उगवत नाही. सगळ्या सूचिपर्णी वृक्षांत मिळून इथला मूळ रहिवासी एकच, आणि तोही पाइन नव्हे. तो दक्षिण सह्याद्रीतल्या ओल्या सदाहरित जंगलात राहतो आणि त्याची पाने चक्क रुंद असतात. नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकच्या पठारावर पाइन दिसतात हे खरे. परिक्रमा करून आलेली माणसे तो दाखला हमखास देतात. पण ते माणसाने लावलेले आहेत आणि अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे. तिथली हवा थंड, मातीत निचरा चांगला. नेमावर अडीचशे ते तीनशे मीटरच्या दरम्यान, खोऱ्याच्या तळाशी आहे. नदी एकच असली तरी या दोन ठिकाणी मुळांना मिळणारे जग अगदी निराळे आहे.

नेमावरची अडचण मातीपासून सुरू होते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. पावसाळ्यात ती इतके पाणी धरून बसते की मुळांना हवा मिळत नाही. मे महिन्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. तिच्यात चुनखडी असते, ती क्षारतेकडे झुकलेली असते. चिडाला हवी आम्लधर्मी, मोकळी, उतारावरची माती. दुसरी अडचण सूर्याची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर चढतो आणि रात्रीही जमीन निवत नाही.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पाइनची मुळे एकटी जगत नाहीत. त्यांच्या टोकांवर विशिष्ट बुरशींचे वेष्टन असते. ती बुरशी दूरवरून स्फुरद आणि पाणी आणते आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेते. ही बुरशी नसलेल्या मातीत रोप पिवळे पडते, खुरटते आणि मरते. प्वेर्तो रिकोमध्ये १९३० च्या दशकापासून पाइन लावण्याचे प्रयोग एकामागून एक फसत होते. १९५५ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, आणि ज्यांना ही माती मिळाली ती रोपे झपाट्याने वाढू लागली. नेमावरच्या शेतात पिढ्यान्पिढ्या गहू, हरभरा आणि आता सोयाबीन. तिथे या बुरशींनी वस्ती करावी असे काही घडलेलेच नाही. दोन वर्षांनी सुया पिवळ्या पडल्या की घरमालक पाणी वाढवतो, काळ्या मातीत ते साचते आणि उरलीसुरली मुळेही कुजतात.

आणि समजा सगळे जमून आले, तरी उन्हाळ्यात गळणाऱ्या राळयुक्त सुयांचा थर अंगणात साचणार. त्या लवकर कुजत नाहीत, पटकन पेटतात. उत्तराखंडातल्या वणव्यांत या सुयांचा वाटा किती मोठा असतो ते दर उन्हाळ्यात आपण वाचतोच.

गवताची गोष्ट नेमकी इथून उलटी सुरू होते, कारण आपल्याकडची बहुतेक उंच गवते उन्हासाठीच घडलेली आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम पानातले एक प्रथिन करते. तापमान वाढले की हे प्रथिन चुकू लागते, कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडते आणि वनस्पतीची मेहनत वाया जाते. पाइन, गहू, सोयाबीन यांना हा तोटा सोसावा लागतो. ऊस, ज्वारी, वाळा, रोशा यांनी त्यावर उपाय शोधला आहे: आधी वेगळ्या पेशीत कार्बन पकडून ठेवायचा, मग आतल्या पेशींत तो दाटीवाटीने सोडायचा, म्हणजे प्रथिनाला चुकायला वावच राहत नाही. उसावर काम करताना ऑस्ट्रेलियातल्या हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हा मार्ग उलगडला. याच युक्तीमुळे या गवतांना तेवढ्याच वाढीसाठी पाणीही कमी लागते.

दुसरा फरक वाढीच्या जागेचा. पाइनचा वाढणारा कोंब शेंड्याला असतो. तो मोडला की झाडाचा आकार बिघडतो, आणि बहुतेक पाइन जुन्या लाकडातून नवी फूट काढत नाहीत. गवताची वाढ बुडाशी, जमिनीलगत होते. गाईने खाल्ले, विळ्याने कापले, आग लागून वरचे जळून गेले, तरी पहिल्या पावसाला ते पुन्हा फुटते. भेगाळणाऱ्या मातीतही त्याचे फारसे बिघडत नाही, कारण त्याला एक सोटमूळ जपायचे नसते. हजारो तंतुमुळांतली शंभर तुटली तर नवी दोनशे येतात.

पण हीच चिवट ताकद चुकीच्या गवतात किती महागात पडते ते माळवा आणि नर्मदेच्या खोऱ्याइतके कोणी अनुभवले नसेल. शरदात नदीकाठी पांढरेशुभ्र तुरे घेऊन उभे राहणारे कांस सर्वांनी पाहिलेले असते. कालिदासाच्या ऋतुसंहारात शरदाच्या वर्णनात ते आहे. बागेत लावावेसे वाटेल असे त्याचे रूप आहे खरेच. पण काळ्या मातीत त्याचे भूमिगत खोड खोलवर पसरते, आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवे कांस उगवते. बैलांच्या नांगराची धाव त्याच्या खोलीपर्यंत पोचत नसे, उलट तुकडे करून नांगर ते वाढवीच. मध्य भारतात कांसाने भरलेल्या जमिनी शेतकऱ्यांनी हरून सोडून दिल्या. स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई असताना या जमिनी परत मिळवण्यासाठी केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभे केले. सुरुवातीला महायुद्धानंतर उरलेले अमेरिकी सैन्याचे ट्रॅक्टर वापरले. मग सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, ते अशाच ट्रॅक्टरांसाठी. स्वतंत्र भारताला त्या बँकेकडून मिळालेले हे दुसरे कर्ज. पहिले, महिनाभर आधीचे, रेल्वेसाठी होते. ऐन उन्हाळ्यात फूटभर खोल नांगरट करून कांसाची खोडे उन्हात वाळवायची, हा उपाय. मध्य प्रांत, भोपाळ, मध्य भारत ही त्याची मुख्य रणभूमी, आणि देवास-नेमावरचा मुलूख तेव्हा मध्य भारत राज्यातच होता. एका गवताशी लढायला देशाने परकीय कर्ज काढावे, ही घटना शोभेचे गवत निवडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कांस नदीकाठी मोकळे वाढू द्यावे, तिथे ते गाळ धरते, मुनियांना आसरा देते. कुंपणाच्या आत आणू नये.

कांसाला नुसते खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा याच कांसाशी संकर केला, आणि १९१८ मध्ये ‘को २०५’ हा वाण बाहेर पडला. उत्तर भारताच्या थंडीत टिकणारा काटक ऊस त्यातून मिळाला. पुढे जगभर पसरलेल्या उसाच्या कितीतरी वाणांत कांसाचे रक्त आहे. शेतात नको असलेली चिवटता उसात हवी होती.

परदेशी शोभेच्या गवतांबद्दल थोडक्यात. पंपास दक्षिण अमेरिकेचे. एकेका तुऱ्यात लाखाच्या घरात बिया, पानांच्या कडा करवतीसारख्या. कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते बागांतून निसटले आणि आता उपटून काढावे लागते. फाउंटन गवत आफ्रिका आणि पश्चिम आशियाचे. हवाईत त्याने वणव्यांना इंधन पुरवले, आणि २०१७ पासून युरोपीय संघाच्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याचा जांभळा प्रकार फारसे बी धरत नाही, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा. तरीही शंभर पावलांवर नर्मदा वाहत असताना, पुराबरोबर बी कुठवर जाईल याचा नेम नसताना, ही गवते आणण्याची गरज मला दिसत नाही. घरची गवते काही कमी देखणी नाहीत.

त्यातले पहिले रोशा. खानदेशात याला तिखाडीही म्हणतात. सातपुड्याच्या आणि विंध्याच्या मुरमाड उतारांवर ते आपोआप येते. पावसाळ्याच्या अखेरीस तांबूस पिवळे तुरे धरते आणि पान चुरगळले की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो, कारण त्याच्या तेलात मुख्यत्वे जिरॅनिऑल असते. पिंपळनेर, नंदुरबार, अक्राणी या भागात आणि निमाडात या गवताच्या भट्ट्या चालत. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे ते लिंबाच्या रसाने आणि उन्हाने फिके करीत आणि बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. युरोपातल्या श्रीमंतांनी एकोणिसाव्या शतकात गुलाबाचे म्हणून जे अत्तर लावले, त्यातल्या पुष्कळशा बाटल्यांत खानदेश-निमाडच्या डोंगरातले गवत होते. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘मार्टिनी’ म्हणजे लखनौचा सेनाधिकारी क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात त्याने हे गवत पाहिले, बी लखनौला नेले, आणि तिथून ते कलकत्त्याला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या हाती गेले. रोशाचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार; बागेला मोतिया घ्यावा, त्याचा वास कोवळा. लखनौच्या सीमॅप या संस्थेने ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ अशा लागवडीच्या जातीही काढल्या आहेत. एकच पथ्य: याला पाणी साचलेले चालत नाही. काळ्या मातीत फूटभर उंच वाफा करून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे, दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावे.

दुसरे आणि माझ्या मते नेमावरसाठी सर्वांत योग्य गवत म्हणजे वाळा. माठातल्या पाण्यात टाकायला, कूलरच्या जाळीत भरायला आपण त्याची मुळे विकत आणतो, पण हिरवा वाळा पुष्कळांनी पाहिलेला नसतो. माणसाच्या उंचीचे, दाट, ताठ, कमानदार पानांचे झुबके. ओळीने लावले तर वर्ष-दीड वर्षात भिंत तयार होते. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात, म्हणून शेजारच्या झाडांचे अन्नपाणी ती फारसे ओढत नाहीत. मलेशियात मोजमाप झाले तेव्हा या मुळाची ताणशक्ती सौम्य पोलादाच्या एक षष्ठांश भरली. पुराच्या पाण्याखाली काही आठवडे राहूनही ते जगते. कर्नाटकातल्या गुंडलुपेटकडचे शेतकरी बांधावर वाळा लावीत आले होते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी भारतातल्या मृद्संधारणाच्या कामात वाळ्याचा पुरस्कार केला, आणि १९८७ मध्ये त्यावरची छोटी हिरवी पुस्तिका निघाली. ज्या बँकेने एका भारतीय गवताला उखडायला पैसे दिले, तिनेच चाळीसेक वर्षांनी दुसऱ्या भारतीय गवताचा जगभर प्रसार केला.

२ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत ६ कोटींहून अधिक रोपे लावल्याचे मध्य प्रदेश सरकारने जाहीर केले होते. अशा मोहिमांत मोजली जातात ती झाडे. काठाची माती धरून ठेवण्यात गवताचा वाटा कोणी मोजत नाही, याची मला खंत वाटते. ढासळत्या काठावर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत, झाडांची मुळे अजून कोवळी असताना, माती राखण्याचे काम गवतच करते.

गवताला मर्यादा आहेत. ते सावली देत नाही. अंगणाला सावली हवी असेल तर अर्जुनसादडा, करंज, मोह, कडुनिंब ही इथली झाडे आहेत, आणि पाइनची उभी गडद रेषाच हवी असेल तर उभट वाढणारा अशोक, म्हणजे आसुपालव, या मातीत बरा येतो. गवत उन्हाळ्यात वाळते, मग ते पिंजट दिसते आणि पेट घेऊ शकते. दाट झुबक्यांत साप-विंचू बसेल ही नदीकाठच्या घरांतली भीतीही खोटी नाही. म्हणून दारापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दहा-बारा फूट सोडून लावावे आणि बुडाशी पालापाचोळा साचू देऊ नये.

लागवडीची वेळ जूनअखेरच्या भरवशाच्या पावसानंतरची. वाळ्याचे ठोंब आणून प्रत्येकाचे दोन-तीन फुटव्यांचे भाग करावेत, पाने वीतभर ठेवून वरची छाटावी, मुळे बोट-दोन बोट ठेवावीत. उताराला आडवी रेघ आखून तिच्यावर वीतभर अंतराने ठोंब लावावेत. एकही फट राहू देऊ नये, कारण पाणी नेमके त्या फटीतूनच घळ पाडते. मेलेल्या ठोंबाच्या जागी त्याच पावसाळ्यात दुसरा लावावा. दक्षिणेकडचा वाळा बी धरत नाही, तो घ्यावा. उत्तर भारतातला रानवाळा बी टाकून पसरू शकतो. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी, नंतर त्याचीही गरज उरत नाही. दरवर्षी होळीच्या आधी गुडघ्याच्या खाली छाटणी करावी. कापलेली पाने झाडांच्या आळ्यांत अंथरायला किंवा शाकारायला उपयोगी पडतात.

वाळा लागला की दीड वर्षाने घरच्या माठासाठी मुळे काढायचा मोह होतोच. काठावरच्या ओळीतून ती कधीही काढू नयेत. मुळांसाठी खोदलेला चर म्हणजे पुढच्या पुराला दिलेली वाट. त्यासाठी सपाट जागी, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू, गाळ आणि शेणखत भरून चार-सहा ठोंब निराळे वाढवावेत. हिवाळ्यात गोणी कापली की मुळे न तुटता मोकळी होतात. धुऊन सावलीत वाळवली तर उन्हाळाभर पुरतात, आणि त्याच गड्ड्याचे फुटवे पुढच्या पावसाळ्यात लावायला मिळतात.